रिकामी गाडी सरळ केली, भरल्यावर नाक आभाळात: पिकअपच्या पुढच्या सस्पेन्शनचं एक प्रकरण

मी तुर्भ्याला एमआयडीसीच्या बाजूला एका गॅरेजमध्ये अलाइनमेंटच्या (चाकांचे कोन जुळवायच्या) मशीनवर काम करतो, नऊ वर्षं झाली. हे प्रकरण लिहून ठेवतोय कारण यात माझाही एक शब्द चुकला होता, आणि त्या एका शब्दाने एका भल्या माणसाचे पैसे गेले ते गेलेच, पण रात्रीच्या रस्त्यावर एका मोटरसायकलवाल्याच्या जीवावर बेतलं होतं. गाडीमालकाला विचारूनच लिहितोय, नाव आणि नंबर सोडून बाकी सगळं जसं घडलं तसं आहे.

गाडी आणि मालक

मालक ठाण्यातले, कोलशेतला राहतात, आम्ही त्यांना दादा म्हणतो. मुरबाडच्या पुढे टोकावड्याच्या अलीकडे त्यांची घरची शेती आहे, भात आणि थोडे आंबे. दर शनिवारी पहाटे निघायचं, जाताना हौद्यात शेणखताच्या गोण्या, कधी पंप, कधी दोनशे लिटरचा ड्रम, येताना सीझन असेल तसे आंब्याचे क्रेट नाहीतर तांदूळ. म्हणजे आठवड्याचे पाच दिवस गाडी रिकामी घोडबंदर रोडला ट्रॅफिकमध्ये आणि दोन दिवस बऱ्यापैकी भरलेली. हे वाक्य नीट लक्षात ठेवा, सगळं प्रकरण याच्यावरच फिरतं आणि मी सुरुवातीला नेमकं हेच विचारलं नव्हतं.

गाडी २०१७ ची डबल कॅब, डिझेल, फोर बाय फोर, तेव्हा १,१२,००० किलोमीटर झालेली. मॉडेल सांगत नाही, गरजही नाही, कारण व्ही-क्रॉस घ्या की हायलक्स घ्या, रचना तीच आहे, पुढे डबल विशबोन (चाकाला धरणारे वरचा आणि खालचा असे दोन आर्म) आणि कॉइल स्प्रिंग, मागे कमानपाटे. गाडी घेतली तेव्हाच दादांनी पुढे लोखंडी बुल बार बसवून घेतला होता, तेव्हा सगळेच बसवायचे.

अडचण काय होती

दादांचं म्हणणं दोन गोष्टींचं होतं. एक म्हणजे शेताच्या रस्त्यावर ओढ्याजवळ एक उतार-चढ आहे तिथे पुढचा खालचा भाग घासतो, पहिले घासायचा नाही. आणि दुसरं, गाडी बाजूने बघितली की नाक खाली घालून उभी असल्यासारखी दिसते, मागून वर, पुढून खाली. ही दुसरी गोष्ट त्यांना जास्त खुपत होती आणि त्यात काही वाईट नाही, माणूस लाखोंची गाडी घेतो तर ती उभी कशी राहते हे त्याला बघावंसं वाटणारच.

तर फेब्रुवारीत त्यांनी व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवले आणि लिहिलं, मी टेपने मोजलं, पुढे-मागे ६० मिलिमीटरचा फरक आहे, लेव्हलिंग (पुढचं-मागचं एका उंचीला आणणं) करायचंय, किती घेऊ.

इथे थोडं थांबून सांगतो. पिकअप रिकामी असताना मागून उंच असते ती चूक नसते, कंपनीने ती तशीच बनवलेली असते. हौद्यात चारशे-पाचशे किलो पडले की पाटे बसतात, मागचा भाग खाली येतो आणि गाडी पुढे-मागे जवळपास एका पातळीत येते. तो रिकामा फरक म्हणजे मालासाठी राखून ठेवलेली जागा आहे. ती जागा तुम्ही पुढून वर उचलून खाऊन टाकली तर रिकामी गाडी छान दिसते पण माल भरल्यावर नाक वर जातं. एवढंच आहे लेव्हलिंगचं गणित, बाकी सगळं तपशील.

फोटोत मला दिसत होतं की गाडी सोसायटीच्या पोडियम पार्किंगमध्ये उभी आहे. पोडियमला पाणी निघून जावं म्हणून उतार दिलेला असतो, तिथे मोजलं तर निम्मं माप गाडीचं आणि निम्मं जमिनीचं येतं. शिवाय त्यांनी मोजलं होतं जमिनीपासून मडगार्डच्या कडेपर्यंत, आणि पुढच्या-मागच्या मडगार्डचे कट सारखे नसतात, डोळा तिथेच फसतो. हे मी त्यांना सांगितलं. आणि मग फोनवर बोललो, "दादा, एवढा फरक नसणार, ३० मिलिमीटर केलंत तरी पुरे."

माझ्या मनात ३० म्हणजे चाकाशी ३०, गाडी तेवढी वर येणं. दादांनी ऐकलं ३० चा स्पेसर, म्हणजे शॉकअपवर बसवायचा तेवढ्या जाडीचा ठोकळा.

पर्याय कोणकोणते होते

खरं सांगायचं तर पर्याय आम्ही नीट बसून तोलले ते दुसऱ्या फेरीला, पहिल्या वेळी फोनवरच सगळं झालं. पण एकत्र लिहितो म्हणजे कळेल.

सगळ्यात सोपा पर्याय, काही न करणं. घासतंय तिथे शेतातल्या उतारावर दोन ट्रॉली मुरूम टाकणं. हसू नका, हा खरा पर्याय होता आणि शेवटी दादांनी तोही केलाच.

दुसरा, मागचा भाग खाली घेणं. माल नेणाऱ्या गाडीला हा करायचा नाही, पाटे आधीच बसतात, आणखी खाली घेतलं तर बंप रबरवर (शेवटचा धक्का झेलणाऱ्या रबरवर) आपटणार.

तिसरा, मोठे टायर. याने पुढचं-मागचं दोन्ही सारखंच वर जातं, फरक तसाच राहतो, त्यामुळे लेव्हलिंगसाठी याचा उपयोग शून्य, तरी दर महिन्याला कोणीतरी हे विचारतोच.

चौथा, शॉकअपच्या डोक्यावर स्पेसर. स्वस्त, दोन-तीन तासांचं काम, म्हणून सगळे हाच करतात. शॉकअप आणि स्प्रिंगचा पूर्ण सेट तेवढा खाली सरकतो आणि गाडी वर जाते. पण सेट खालच्या आर्मवर चाकाच्या बरोबर वर बसलेला नसतो, आर्मच्या साधारण मध्यावर असतो, म्हणून स्पेसरच्या जाडीच्या जवळजवळ दुप्पट उचल चाकाशी मिळते. १५ चा स्पेसर टाकला की २७-२८ ते ३० पर्यंत. विकणारे कधी जाडी लिहितात, कधी उचल लिहितात, पाकिटावर नुसतं "३० मिमी" असतं. आणि सेट खाली सरकल्यामुळे चाक हवेत लटकलं की आधीपेक्षा जास्त खाली लटकतं, त्यामुळे वरचा बॉल जॉइंट, आर्म आणि एक्सलचे जॉइंट सगळ्यांचे कोन वाढतात.

पाचवा, स्प्रिंगच्या आत प्रीलोडची, म्हणजे स्प्रिंग आधीच दाबून ठेवणारी चकती. यात शॉकअपची लांबी तीच राहते म्हणून चाक जास्त लटकत नाही, पण वर उचललेली गाडी खाली लटकायला कमी जागा ठेवते आणि स्पीड ब्रेकरवरून उतरताना शॉकअप शेवटाला जाऊन टक टक करतो.

सहावा, थोड्या लांब किंवा कडक स्प्रिंगा आणि त्यांना जुळणारे शॉकअप. काम चांगलं होतं पण पुढच्या जोडीचाच खर्च चाळीस हजारांच्या वर सांगितला होता.

(ज्यांच्या गाडीला पुढे टॉर्शन बार आहे, म्हणजे कॉइलऐवजी पीळ खाणारी दांडी, त्यांना स्पेसर लागतच नाही, बारचा बोल्ट फिरवून उंची बदलते. तिथेही कोनांचं सगळं हेच लागू.)

आणि कायद्याचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर कंपनीने दिलेला जो तपशील आहे त्याच्याशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलंय, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद बसू शकते. बुल बारबद्दल तर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला लिहिलं होतं. अपघात झाला आणि इन्शुरन्सच्या माणसाने खाली वाकून बघितलं की प्रश्न तिथून सुरू होतात. हे मी गिऱ्हाईकाला आधी सांगतो, ऐकायचं की नाही ते त्याचं. दादांना फोनवर मात्र नव्हतं सांगितलं.

पहिल्यांदा काय केलं

दादांनी ऑनलाइन "३० मिमी" चा जोड मागवला, साडेचार हजार. तुर्भ्याला यायचं म्हणजे ऐरोली पूल, तेव्हाचा टोल आणि अर्धा दिवस, म्हणून घराजवळच एका ठिकाणी तीन हजार मजुरी देऊन बसवून घेतला. अलाइनमेंट तिथे झाली नाही, "नंतर करून घ्या" म्हणाले. मला फोटो आला, गाडी बाजूने अगदी रुबाबदार दिसत होती, मीही थम्ब्स-अप पाठवला. मी तेव्हा विचारायला हवं होतं, किती वर आली? एक प्रश्न. नाही विचारला.

मग सुरू झालं

पहिली तक्रार वहिनींची. त्या म्हणाल्या, समोरचे सगळे आपल्याला डिपर का मारतात. दादांना वाटलं एलईडी बल्ब नवीन आहेत म्हणून असेल.

दुसरं, नाशिक हायवेला माजिवड्यावरून पुढे रांजणोलीपर्यंत पहाटे रस्ता जरा मोकळा मिळतो, तिथे ऐंशीला स्टेअरिंग हलकं लागायला लागलं, गाडी सरळ ठेवायला सारखं थोडं थोडं धरावं लागतं, ट्रक बाजूने गेला की हवेने सरकते. गोण्या भरलेल्या असल्या की जास्त.

तिसरं, स्पीड ब्रेकरवरून उतरताना पुढून "ठक". गायमुखच्या घाटात खड्ड्यांमध्ये तर प्रत्येक खड्ड्याला.

आणि मग मे महिन्यात, आंबे भरून रात्री परत येताना सरळगावच्या अलीकडे समोरून येणारा मोटरसायकलवाला उजेडात आंधळा झाला आणि सरळ डांबर सोडून कच्च्यात गेला. पडला नाही. थांबला, हेल्मेट काढलं, दादा गाडी बाजूला घेऊन त्याच्याकडे गेले तर तो पोरगा एवढंच म्हणाला, "काका, अप्पर बंद करा की." आणि अप्पर चालू नव्हता, लोअरच होता. दादांनी त्याला गाडीत नेऊन दाखवलं. दादा मला म्हणाले की तो निघून गेल्यावर ते दहा मिनिटं गाडीत नुसते बसून होते.

सोमवारी सकाळी साडेआठला गाडी आमच्या शटरसमोर उभी होती, मी अजून चहा घेत होतो.

रॅकवर काय दिसलं

टायरपासून सुरू केलं. पुढच्या टायरवर आतून बाहेर हात फिरवला की करवतीसारखं लागत होतं, बाहेरून आत फिरवला की गुळगुळीत. ही टो-इन (चाकं पुढून आत वळलेली) जास्त असल्याची खूण आहे, मशीन लावायच्याही आधी कळते. आणि बाहेरची कडा दोन्हीकडे झिजलेली. मशीनवर टो-इन ६ मिलिमीटर, कॅम्बर डावा १.२ उजवा १.० पॉझिटिव्ह, म्हणजे चाकं वरून बाहेर झुकलेली, आणि कास्टर डावा १.३ उजवा १.६ अंश. कास्टर म्हणजे सायकलचा पुढचा दांडा जसा मागे कललेला असतो तो कल, तो जेवढा कमी तेवढं चाक स्वतःहून सरळ यायला आळशी. ऐंशीला हलकं लागत होतं त्याचं उत्तर हे. खालच्या आर्मचे कॅम बोल्ट, ज्यांनी हे कोन बदलतात, ते फिरवून बघितले, शेवटाला गेले तरी कास्टर दोनच्या वर येईना.

मग चाकं काढली. चाक लटकल्यावर वरचा आर्म स्प्रिंगच्या गुंडाळीला टेकत होता, स्प्रिंगवर बोटाच्या पेराएवढा रंग खरवडून लोखंड चमकत होतं, आर्मवर त्याच जागी तसाच डाग. "ठक" तो होता. डाव्या एक्सलच्या आतल्या बाजूच्या रबर बूटच्या घड्या एकमेकींवर घासून एका घडीला बारीक चीर, ग्रीसचे थेंब चासीवर उडालेले. लोकांना वाटतं की टू व्हीलमध्ये चालवतोय तर पुढचे एक्सल नुसते पडून आहेत, तसं नाही, या गाड्यांत चाकाबरोबर ते एक्सल कायम फिरतात, त्यामुळे वाकड्या कोनात पडलेला जॉइंट घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्येसुद्धा झिजत असतो.

आणखी एक गोष्ट जी फोटोत कधी दिसली नसती. खालच्या आर्मच्या बुशचे (सांध्यातल्या रबरी नळ्यांचे) बोल्ट गाडी हवेत असतानाच आवळलेले होते. रबर बुश ज्या स्थितीत आवळाल तीच त्याची सरळ स्थिती होते, मग गाडी खाली टेकली की ते पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. गाडी चाकांवर उभी करून, दोनदा दाबून बसू देऊन मगच आवळायचे असतात. ज्याने बसवलं त्याला दोष देऊन उपयोग नाही, हे कोणी शिकवतच नाही, मलाही एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी ओरडून शिकवलंय.

मग माप. चाकाच्या हबच्या मधोमध ते मडगार्डची कडा, पुढे डावीकडे ५५५ मिलिमीटर. आणि दारांच्या खालच्या चासीची उंची पुढे-मागे घेतली तर गाडी रिकामी असतानाच नाक १७ मिलिमीटर वर.

मी दादांना विचारलं, स्पेसर किती जाड होता. त्यांनी बोटांनी दाखवलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं.

दिव्यांचं गणित

हे जरा सविस्तर लिहितो कारण लेव्हलिंग करणाऱ्या दहातले नऊ जण दिवे विसरतात.

लोअर बीम कंपनीतून साधारण एक-सव्वा टक्का खाली झुकवलेला असतो, म्हणजे दहा मीटरवर दहा-बारा सेंटिमीटर खाली. दादांच्या गाडीचं एक्सल ते एक्सल अंतर साधारण ३.१ मीटर. पुढून ५६ मिलिमीटर उचललं म्हणजे गाडी १.८ टक्के मागे कलली. सव्वा टक्का खाली होता तो बीम आता अर्धा टक्का वर. यात हौद्यात आठ गोण्या आणि ड्रम टाकला की मागचा भाग आणखी ४० मिलिमीटर बसतो, म्हणजे अजून १.३ टक्के. एकूण बीम जवळपास दोन टक्के वर. पंचवीस मीटरवर तो दिव्याच्या उंचीपेक्षा अर्धा मीटर वर पडतो, मोटरसायकलवाल्याच्या बरोबर चेहऱ्यावर. डॅशबोर्डवरचं दिवे खाली-वर करायचं चक्र तीनवर नेलं तरी एवढं भरून निघत नाही. दादांनी ते चक्र सात वर्षांत कधी हातच लावलं नव्हतं.

हे सगळं मी कागदावर काढून दाखवलं तेव्हा दादा काही बोलले नाहीत, कागद घडी करून खिशात ठेवला.

दुसरी फेरी: इथे खरा निर्णय झाला

स्पेसर काढायचे हे ठरलेलंच होतं. प्रश्न होता त्यानंतर काय. दादा म्हणाले, "मग १५ चा टाक ना, तू म्हणत होतास तेवढाच." बरोबर होतं त्यांचं, आणि मी तसं केलंही असतं. पण एक गोष्ट मला खटकत होती. दादा म्हणाले होते की ओढ्याजवळ *पहिले* घासायचं नाही. गाडी तीच, रस्ता तोच, टायरचा साइज तोच, मग सात वर्षांत बदललं काय?

स्पेसर काढून हब ते मडगार्ड मोजलं, डावीकडे ४९९, उजवीकडे ५०१. चासीवरून पुढे-मागे फरक ३९, पार्किंगमधले ६० नव्हेत. आता हे ४९९ चांगलं की वाईट हे कळायला दुसरी गाडी हवी. आमच्याकडे पनवेलचे एक गिऱ्हाईक आहेत, तेच मॉडेल, तेच वर्ष, ४१,००० किलोमीटर, सगळं कंपनीचं. त्यांना फोन केला, साहेब संध्याकाळी इकडून जाणार असाल तर पाच मिनिटं थांबा. ते थांबले, टेप लावली, ५२१.

बावीस मिलिमीटर. दादांच्या गाडीचं नाक कंपनीने खाली ठेवलं नव्हतं, सात वर्षांत बसलं होतं. आणि आम्ही बसलेल्या स्प्रिंगच्या डोक्यावर पाट ठेवून तिला उंच करत होतो.

मग एकेक करून बघायचं ठरवलं, सगळं एकदम बदललं की कशाने काय झालं ते कळत नाही. आधी बुल बार उतरवला. बाजूच्या भंगारवाल्याच्या काट्यावर ४६ किलो. एक्सलच्या पुढे लटकलेले ४६ किलो, म्हणजे पुढच्या चाकांवर त्याहून जास्तच. परत मोजलं, ५०६. सात मिलिमीटर नुसत्या लोखंडाचे. दादांना तो बार जाताना वाईट वाटलं हे खरं आहे, हात फिरवला त्यांनी त्याच्यावर, पण दंडाचा विषयही त्याच्याबरोबर गेला.

मग स्प्रिंगा. इथे दादांचा मुलगा म्हणाला की बदलायच्याच आहेत तर कडक बाहेरच्या टाकू. मी नको म्हटलं. कारण पाच दिवस गाडी रिकामी असते आणि बार गेल्यावर पुढे वजनही कमी झालंय, कडक स्प्रिंग रिकाम्या गाडीत उडणार. कंपनीच्याच नवीन स्प्रिंगा मागवल्या, दोन्ही मिळून साडेनऊ हजार, बुधवारी आल्या. शॉकअप तेल सोडत नव्हते, ठेवले. डावा बूट नवीन ग्रीससकट बदलला. आर्मचे बोल्ट गाडी जमिनीवर टेकवून आवळले, दादांना जवळ बोलावून दाखवून आवळले.

माप: ५२१. पनवेलच्या गाडीएवढंच. हजार किलोमीटरनंतर स्प्रिंगा थोड्या बसून ५१८ वर थांबल्या.

अलाइनमेंट: कॅम्बर जवळपास शून्य, कास्टर २.९ आणि २.८, टो-इन १ मिलिमीटर. कॅम बोल्ट मधल्या खुणेच्या आसपास, म्हणजे पुढेही जागा आहे. दिवे भिंतीवर पट्टी मारून लावले, रिकाम्या गाडीला सव्वा टक्का खाली, आणि चक्राच्या बाजूला दादांच्या मुलाने मार्करने लिहिलं, "खत – ३".

शेवटी काय निघालं

पुढे-मागे फरक आता २० मिलिमीटर आहे. आठ गोण्या टाकल्या की मागचं बसतं आणि नाक २० च्या आसपास वर जातं, तेवढं दिव्यांचं चक्र सांभाळून घेतं. ओढ्याजवळ घासत नाही (मुरूमही टाकलाय, मान्य). ऐंशीला गाडी सरळ चालते. पुढचे टायर मागे टाकले, बाहेरची कडा गेली ती गेलीच, माझ्या अंदाजाने दहा-बारा हजार किलोमीटर आयुष्य कमी झालं.

पैशाचा हिशोब: पहिल्या फेरीचे साडेसात हजार पूर्ण वाया. दुसऱ्या फेरीचे स्प्रिंगा, बूट, मजुरी मिळून साधारण सोळा हजार. अलाइनमेंटचे पैसे मी घेतले नाहीत, शेठनी विचारलं तेव्हा कारण सांगितलं.

दादा दिसण्यावर शंभर टक्के खूश नाहीत. रिकामी गाडी अजून थोडी पुढे झुकलेली दिसते आणि स्पेसर असताना जो रुबाब होता तो नाही. ते मला त्यांनी स्पष्ट सांगितलं आणि मी त्याच्यावर वाद घातला नाही.

आज परत तेच गिऱ्हाईक आलं तर

पहिला प्रश्न किती उचलायची हा नाही विचारणार. गाडी आठवड्यात किती दिवस भरलेली असते आणि किती किलो, हा विचारेन. ज्याची गाडी कधीच भरत नाही, नुसती येऊर, लोणावळा फिरते, त्याला रिकाम्या गाडीवर सरळ करून दिली तर फारसं बिघडत नाही, दिवे आणि अलाइनमेंट केली म्हणजे झालं. ज्याची भरते त्याची हौद्यात नेहमीचा माल ठेवूनच मोजायची, आमच्याकडे त्यासाठी वाळूच्या पिशव्या ठेवल्यात आता, पंचवीस किलोच्या बारा.

फोनवर मिलिमीटर सांगणार नाही. सांगायचंच झालं तर "चाकाशी" की "स्पेसरची जाडी" हा शब्द जोडून सांगेन आणि समोरच्याकडून परत म्हणवून घेईन.

उचलायच्या आधी ती मुळात बसली आहे का ते बघेन. एक लाखाच्या पुढची गाडी असेल आणि पुढे बार, विंच काही लावलेलं असेल तर तसल्याच दुसऱ्या गाडीशी माप लावल्याशिवाय पाना हातात घेणार नाही. दुसरी गाडी शोधायला एक फोन लागतो.

एका ठिकाणी मी अजून ठाम नाही. छोटा स्पेसर टाकून दादांना हवा तो रुबाब अर्धा तरी देता आला असता का? नव्या स्प्रिंगांवर १० चा टाकला तर चाकाशी १८-१९, फरक जवळपास शून्य, कोन फार बिघडले नसते. पण मग गोण्या भरल्यावर नाक ४० वर, आणि तो सरळगावचा रस्ता. शिवाय आरसीचा प्रश्न परत तिथेच. मी नाही म्हटलं, दुसरा कोणी हो म्हणाला असता आणि त्याच्याकडेही त्याची कारणं असती.

स्पेसरचा जोड दादांनी फेकला नाही, आमच्या टेबलावर ठेवून गेले. कोणी "३० मिमी टाकायचंय" म्हणून आलं की मी ते त्याच्या हातात देतो आणि बाजूला टेप ठेवतो.

मापांचा कागद दादांच्या गाडीत सन वायझरच्या मागे अडकवलेला आहे, त्यावर तारखेसकट ४९९, ५०६, ५२१, ५१८. भाताची झोडणी झाली, तांदूळ घरी आला, की जानेवारीत परत मोजायला येणार आहेत.